आधी काम, मग पाटी

आत्यांचं बोलणं उन्हावर चालायचं. अंगणात बसून त्या काही सांगत असल्या आणि सूर्यावर ढग आला, की वाक्य आहे तिथे सुटायचं. हात जिथे असेल तिथे राहायचा, मान वळलेली असेल तर तशीच राहायची. ढग सरकून ऊन पुन्हा चेहऱ्यावर पडलं की उरलेलं वाक्य पुढे सुरू. त्यांच्या वडिलांना साप चावल्याची गोष्ट एकदा "आन मग बानं पाय बगितला तर" इथे थांबली. मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं चाळीस सेकंद गेली. मग "बिनविषारी व्हता," असं म्हणून त्या पुढच्या गोष्टीकडे वळल्या. आणे गावाच्या पठारावर पाऊस फार नाही, पण ढग पुष्कळ येतात आणि न पडताच पुढे जातात. त्यामुळे आषाढ-श्रावणात आत्यांकडून कुठलीच गोष्ट पूर्ण ऐकायला मिळत नसे.

कारण साधं होतं. आत्या वयाच्या तेराव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत मुक्या सिनेमाच्या एका कंपनीत काम करत होत्या. तेव्हा सगळं चित्रण उन्हात व्हायचं. ढग आला की कॅमेरावाला हात वर करायचा आणि प्रत्येकाने आहे तसं थांबायचं, म्हणजे ऊन आल्यावर मधला जोड दिसायचा नाही. कंपनी जाऊन साठ वर्षं झाली तरी ती सवय गेली नव्हती.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा ज्या कामासाठी गेलो, त्या कामात घरोघरची माहिती बाहेर सांगायची नसते. इथे जे लिहितो आहे ते त्यांनी स्वतःच गावभर सांगितलेलं आहे, म्हणून गुपित फोडल्याचा दोष माझ्यावर येऊ नये. गाव त्यांना आत्या म्हणायचं, मीही आत्याच म्हणतो.

मी मूळचा लोणीचा. प्राथमिक शिक्षक म्हणून आण्याला आलो तेव्हा तीन वर्षांत बदली करून घ्यायची असं ठरवलं होतं. राहिलो चौदा वर्षं. शिक्षकाला शिकवण्याशिवाय जी कामं असतात त्यांतलं जनगणनेचं काम मला आवडतं. एका घरात सात माणसं असतील तर सातच लिहायची, साडेसहा नाही आणि आठ नाही. मला असं काम झेपतं.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत मी आत्यांच्या घरी गेलो. भाचा शेतावर होता, भाचेसून दारात बसून मटकी निवडत होती. अंगणात पांढरे रंगवलेले दोन दगड होते, एकमेकांपासून सुमारे नऊ फुटांवर. दोन्हींच्या मधे पाटावर एक ऐंशीच्या घरातल्या बाई उन्हाकडे तोंड करून बसल्या होत्या. उजवा हात कमरेजवळ बारीक गोल फिरत होता, जात्याच्या खुंट्याला धरल्यासारखा. मला वाटलं वाताचा विकार असेल.

भाचेसुनेने सगळ्यांची माहिती दिली. आत्यांची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "त्यांचं त्याच सांगतील, गुरुजी. मी सांगितलं तर पुन्ना खोडाया लावतील."

"काम काय करता?" मी विचारलं.

आत्यांनी आधी चेहरा केला. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले, डावा हात छातीशी. तो मोजून तीन सेकंद ठेवला. मग चेहरा पुसून टाकल्यासारखा साधा करून म्हणाल्या, "सिनेमात काम. नटी. ल्ह्या."

"गेल्या वर्षभरात काही काम केलं का?"

"वरीसभरात? वरीसभरात न्हाई."

"मग शेवटचं कधी केलं?"

त्यांनी बोटांवर मोजलं आणि साठ वर्षं झाल्याचं सांगितलं. मी नियम समजावून दिला. प्रश्न मागच्या एका वर्षापुरता आहे. त्या आधीचं काम धरत नाहीत. मग मी रकान्यात लिहायचं ते लिहिलं आणि माझ्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाची नोंद मोठ्याने वाचून दाखवली. आत्यांच्या नावापुढे मी 'आश्रित' वाचलं.

"आशरित म्हंजी?"

मी शिक्षक आहे. शब्दाचा अर्थ विचारला की सांगतो. "म्हणजे स्वतः काही कमवत नाही, दुसऱ्याच्या आधाराने राहतो तो."

भाचेसुनेचा मटकीतला हात थांबला. आत्या उठल्या, एका दगडाच्या पलीकडे गेल्या, आणि तिथे उभं राहून त्यांनी मला, माझ्या कागदांना आणि दिल्लीपर्यंतच्या सगळ्यांना ज्या शिव्या दिल्या त्या मी पठारावर त्याआधी ऐकल्या नव्हत्या. मग दगडाच्या आत परत येऊन पाटावर बसल्या आणि अगदी मर्यादेने म्हणाल्या, "गुरुजी, वर बगा. त्ये आढं माज्या कामाच्या पैशाचं हाय. ह्यांच्या आज्यानं घातलेलं न्हाई. ह्या आढ्याखाली समदी ऱ्हात्यात, आन आशरित मी?"

मी वर बघितलं. आढं सागाचं होतं, चांगलं जाड. पण प्रश्न वर्षापुरता होता. मी म्हणालो, "आत्या, वर्षात एक दिवस जरी काम केलं असतं तरी मी लिहिलं असतं. नियमच तसा आहे."

"येक दिस?"

"एक दिवस."

"पुन्ना कदी येनार तुमी?"

"दहा वर्षांनी. फेब्रुवारीतच."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "या मग. म्या हाय हितंच."

संध्याकाळी मी हे घरी सांगितलं. माझी बायको कोणाचं चुकलं हे सांगायला वेळ लावत नाही. ती म्हणाली, "नियम बरोबर असेल तुमचा. अर्थ सांगायची काय गरज होती?"

नंतर मी आत्यांकडे जात राहिलो. पहिले काही महिने त्या मला "आशरितवालं गुरुजी" म्हणायच्या. चहा मात्र द्यायच्या. चहासुद्धा त्या हाताच्या फेऱ्यांवर करायच्या, पाणी उकळायला साडेतीनशे, पत्ती घातल्यावर ऐंशी. फेऱ्यांचं गणित त्यांनीच सांगितलं. जुना कॅमेरा दांडी फिरवून चालायचा, सेकंदाला दोन फेरे. सीन चाळीस फेऱ्यांचा असला तर चाळिसाव्या फेऱ्याला रडणं पूर्ण झालं पाहिजे. एकेचाळिसावा फेरा कंपनीच्या नुकसानीचा. मी घड्याळ धरून त्यांची परीक्षा घेतली. एका मिनिटात एकशेवीस फेरे व्हायला हवेत. पहिल्यांदा त्यांचं मिनिट अठ्ठावन्न सेकंदांचं भरलं, दुसऱ्यांदा एकसष्ट. शाळेच्या घंटेपेक्षा हे बरं होतं.

दगडांचा खुलासा असा की कॅमेऱ्याला जेवढी जागा दिसते तेवढी दोऱ्या टाकून आखून घेत. दोरीच्या आत राजकन्या, दोरीच्या बाहेर पाय टाकला की मिशरी लावा, खाकरा, शिव्या द्या, कोणी बघत नाही. आत्यांनी अंगणात ती दोरी दगडांनी कायम केली होती. आतल्या बाजूला त्यांच्या तोंडून वावगा शब्द गेलेला मी ऐकला नाही. भाच्याशी भांडण निघालं की त्या आधी उठून बाहेर जात, त्यामुळे भांडण येतंय हे त्याला चार पावलं आधी कळायचं.

सगळ्यांत गावाला हसू यायचं ते आधी चेहरा करून मग बोलण्याचं. आत्या म्हणत, "आदी काम, मंग पाटी." पडद्यावर नटीने डोळे पुसले की नंतर अक्षरांची पाटी यायची, ती काय बोलली ते सांगणारी. पाटी आधी आली तर काम वाया. घरात टीव्ही आला तेव्हा आत्या तो आवाज बंद करून बघायच्या. हिंदी मालिकांतल्या बायका दागिने घालून एकमेकींना टोमणे मारत, आणि आत्या म्हणत, "लई बोलत्यात. काम कोन करनार?" नातसून चिडून आवाज वाढवायची, आत्या उठून कमी करायच्या. शेवटी घरात वाटणी झाली, एक भाग आवाजाचा, एक बिनआवाजाचा.

त्या कंपनीत गेल्या कशा, हे मी ढगांमधून तुकड्यातुकड्याने गोळा केलं. घर मेंढपाळांचं. जुन्नरच्या डोंगरात एक कंपनी चित्रण करायला आली होती आणि तिला मेंढरं हवी होती. वडिलांचा कळप गेला. मेंढरं पोरीशिवाय हलेनात, म्हणून पोरीलाही दोरीच्या आत सोडलं. बाकी सगळी माणसं कॅमेऱ्याकडे वळून वळून बघत होती. ही एकटी बघत नव्हती, कारण ती मेंढरं मोजत होती. कंपनीच्या मालकाने ते हेरलं. तेरा वर्षांची पोर आणि सोबतीला तिची विधवा आत्या, अशा दोघी कंपनीच्या गाडीतून गेल्या.

शेवट तर त्या एका उन्हात सांगून मोकळ्या झाल्या. बोलपट आला. कंपनीने सगळ्यांचा आवाज तपासायला घेतला. आत्यांना वाक्य दिलं, "महाराज, मी निर्दोष आहे." आत्यांनी काम केलं, गुडघे टेकले, मग पाटी म्हटली, "म्हाराज, मी निरदोस हाय." तिथले सगळे हसले.

"सात वर्सं माज्या रडन्यावर बाया रडल्या," आत्या म्हणाल्या, "आन येका 'हाय'वर समदं हासलं. दुसऱ्या दिसाला गाठुडं बांदलं."

हे सगळं खरं कशावरून? हा प्रश्न मला पडणारच होता. आत्यांकडे कागद एकही नव्हता. कंपनीने पडद्यासाठी दिलेलं नाव दुसरंच होतं. पुण्याला गेलो तेव्हा जुन्या सिनेमांचे जाणकार असलेल्या एका गृहस्थांना मी ते नाव विचारलं. ते म्हणाले, त्या काळातले बहुतेक सिनेमे जळले, कुजले, उरलेले चांदी काढायला वितळवले. कळपाबरोबर आलेल्या मुलीचं नाव कुठे राहणार? म्हणजे होकार नाही आणि नकारही नाही. मी वहीत दोन्ही बाजू लिहून काढल्या. आत्यांच्या बाजूला ते आढं, ते फेरे आणि ढग होते. दुसऱ्या बाजूला फक्त कागद नसणं होतं. तेवढ्यावरून माणूस खोटा ठरत नाही.

आत्या मात्र त्या एका दिवसामागे लागल्या होत्या. कॅमेरा दिसला की त्या जायच्या. तेव्हा लग्नांत व्हिडिओ शूटिंग नवीन होतं. मांडवात दिवा धरून व्हिडिओवाला आला की सगळं वऱ्हाड दात दाखवून त्याच्याकडे वळायचं. आत्या गर्दीतून पाण्याचा तांब्या घेऊन आडव्या निघून जायच्या, कॅमेऱ्याकडे न बघता. आळेफाट्याचा एक व्हिडिओवाला पठारावरची सगळी लग्नं करायचा. तो मला म्हणाला, "गुरुजी, ही म्हातारी कोन हो? माज्या सोळा कॅसेटींत हाय. नवरा-नवरीपेक्षा तीच भारी दिसती राव."

मी आत्यांना सांगितलं की लग्नातलं धरता येणार नाही. काम म्हणजे मोबदल्याचं काम. पैसे किंवा वस्तू काहीतरी मिळालं पाहिजे.

"लाडू दिल्यात की."

"लाडू सगळ्यांनाच दिले, आत्या."

त्यांनी चेहरा केला. पाटी आली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं आणि आळेफाट्याला केबल आली. केबलवर गावातल्या दुकानांच्या जाहिराती सुरू झाल्या. एका चष्म्याच्या दुकानदाराला जाहिरात हवी होती आणि व्हिडिओवाल्याला ती म्हातारी आठवली. जाहिरात अशी: आजी सुईत दोरा ओवते, जमत नाही. आजी चष्मा घालते. दोरा जातो. आजी हसते. मग दुकानाची पाटी. बोलणं कुठेच नाही. वीस सेकंद.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दिवसात ते झालं. मी तेव्हा तालुक्याला प्रशिक्षणाला होतो. परत आलो तर आत्या शाळेच्या फाटकात उभ्या. भाचा मोटारसायकल धरून मागे.

आधी चेहरा. मग, "गुरुजी, झालं काम! येका दमात दिलं. व्हिडिओवाला पाच-पाच डाव घेतो, माजं येका डावात झालं. दोरा खराखुरा ववला. चाळीस फेऱ्यांत. आन मजुरी म्हनून चष्मा दिला. वस्तू दिली हां. आता ल्हिवा."

मी तारीख विचारली. त्यांनी सांगितली. मी मनात मोजलं आणि मग कॅलेंडर काढून पुन्हा मोजलं. जनगणना पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत. त्या दिवसापासून मागे एक वर्ष म्हणजे या फेब्रुवारीपर्यंत. जाहिरात झाली होती जानेवारीत.

"आत्या, हे बसत नाही."

"का न्हाई?"

"वर्षाच्या बाहेर जातं. दोन-तीन आठवड्यांनी."

"थोडक्यात?"

"थोडक्यात. पण बाहेर."

शाळेच्या फाटकात दगड नव्हते. त्या कुठे बाहेर जाऊन शिव्या देणार? त्या तशाच उभ्या राहिल्या. ऊन स्वच्छ होतं, तरी हात थांबलेला होता. भाचा म्हणाला, "गुरुजी, दोन आठवड्यांचं काय येवढं? नव्वदीला आली ती."

घरी बायकोने हेच विचारलं. "लिहून टाकायचं तारखेकडे न बघता. कोण तपासायला येणार आहे?"

"मी."

"तुम्ही म्हणजे काय?"

"मी मोजतो म्हणून माझ्यावर विश्वास ठेवतात. दोन आठवडे सोडले तर उद्या दोन वर्षं का सोडायची नाहीत?"

त्या रात्री तिने ताटात भाकरी जरा जोरात ठेवली. आश्रित लिहिताना मी कागदाकडे बघत होतो. या वेळी फाटकात मी त्यांच्याकडे बघून सांगितलं होतं, आणि त्याने काही सोपं झालं नव्हतं.

आत्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. पावसाळा गेला. त्यांचा एक डोळा मोतीबिंदूने पांढरा झाला, दुसराही त्याच वाटेवर होता. डॉक्टर या वयात नको म्हणाले. जाहिरातीतला चष्मा त्या घालत, पण त्याने काही होत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला व्हिडिओवाला बेल्ह्याच्या बाजारात भेटला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "तुमच्या आत्यांनी डोकं उठवलं. म्हनत्यात पुन्ना शूटिंग घे, रीळ खराब झालंय. म्या म्हनलं, आजी, रीळ न्हाई हो, कॅसेट हाय, चांगली चालतीय. तर म्हनत्यात, तुला काय कळतंय."

योग असा की चष्मेवाल्याने दुकान स्टँडजवळून नव्या इमारतीत हलवलं होतं. आत्यांना वाटलं आता नवी जाहिरात लागणार. दुकानदार म्हणाला, "पत्ताच बदललाय ना? पाटी बदला, म्हातारी तीच ठेवा." पाटी वेगळी काढून वेगळी चिकटवता येते हे आत्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी सात वर्षं तेच बघितलं होतं.

मग त्या भाच्याला घेऊन दुकानात गेल्या आणि सकाळपासून बसल्या. गिऱ्हाईक म्हणून. एक चष्मा घातला आणि पाटलीणबाई झाल्या. दुसरा घातला, सासूचा छळ सोसणारी सून झाल्या. तिसरा घालून मामलेदार. तोंडातून शब्द नाही. दारात माणसं जमली, कोणीतरी शिटी मारली, दोघांनी चष्मे विकत घेतले. दुपारी दुकानदाराने व्हिडिओवाल्याला फोन केला. "घे बाबा आजीला पुन्ना. येवढं गिऱ्हाईक माज्या जुन्या जाहिरातीनं आनलं न्हाई."

शूटिंग दिवाळीनंतरच्या रविवारी आत्यांच्याच अंगणात ठरलं. आदल्या दिवशी भाचा निरोप घेऊन आला, "आत्यानं बलावलंय. म्हनली, मोजनारा मानूस समोर पायजे." मी गेलो. व्हिडिओवाल्याने माझ्या हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता दिला आणि उन्हाची तिरीप आत्यांच्या चेहऱ्यावर पाडायला सांगितलं. त्यामुळे मी त्यांच्यापासून चार फुटांवर उभा होतो, आणि पुढे जे झालं ते मी स्वतः बघितलं.

आत्या दगडांच्या मधे पाटावर बसल्या. सुई घेतली, दोरा घेतला. हात कापत होते. आधी दोरा चुकायचा होता, तो चुकला. मग त्यांनी चष्मा घातला आणि हात स्थिर झाले. एवढ्यात एक ढग आला. आत्या जागीच थांबल्या, सुई उंच, दोरा हवेत. व्हिडिओवाला म्हणाला, "आजी, चालू ऱ्हाऊ द्या, कॅमेरा आपोआप उजेड घेतो." आत्या हलल्या नाहीत. शेवटी त्याने कॅमेरा बंद केला. ढग गेला, कॅमेरा सुरू झाला, आणि आत्यांनी दोरा पुढे नेला.

दोरा सुईच्या बाजूने गेला. छिद्रापासून बोटभर लांबून. त्यांना सुई दिसतच नव्हती. पण बोटांनी पलीकडून तो दोरा असा पकडला, असा ओढून घेतला, आणि चेहऱ्यावर असं हसू आलं की व्हिडिओवाल्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदारही हसला.

सगळं आवरल्यावर मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "आत्या, दोरा गेला नव्हता."

"मला म्हाईत हाय. दिसला का न्हाई गेल्याला?"

"दिसला."

"मंग गेला." पाटावरून उठत त्या म्हणाल्या, "त्या डावाला खरा ववला व्हता. त्ये शिवनकाम झालं. काम ह्ये."

मग त्यांनी दुकानदाराला थांबवलं. मोबदला मागितला. त्याच्याकडे देण्यासारखं चष्म्याचं एक निळं घर होतं, कापडी अस्तराचं. आत्यांनी ते घेताना मला हाक मारली, "गुरुजी, बगा. दिलं." मी बघितलं. खिशातली डायरी काढून तारीख लिहिली. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तीन महिने होते. आतल्या बाजूला, भरपूर.

त्या तीन महिन्यांत त्यांना दोनदा ताप आला. दोन्ही वेळा मी गेलो तेव्हा त्यांनी तब्येतीचं बोलू दिलं नाही. "किती दिस ऱ्हायले?" एवढंच विचारत. मी आकडा सांगायचो. जाहिरात केबलवर लागली तेव्हा मी आळेफाट्याला नेऊन दाखवतो म्हणालो. "कशाला? म्या काय केलं त्ये मला ठावं हाय."

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत जनगणनेसाठी त्या घरांचा गट पुन्हा माझ्याकडेच आला. त्यांच्या घरी मी चौथ्या दिवशी पोहोचलो, कारण घरं क्रमाने करायची असतात. भाचेसून म्हणाली, "गुरुजी, चार दिस झालं, रोज सकाळी धुतलेलं लुगडं नेसून बसत्यात. आज याल, उद्या याल."

आत्या पाटावर होत्या. दोन्ही डोळे आता पांढरे होते, पण तोंड उन्हाकडेच. मांडीवर निळं घर. मी सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले, नाव, वय, लग्न, सगळं, जसं अनोळखी घरात विचारतो तसं. मग तो प्रश्न आला.

"गेल्या वर्षभरात काही काम केलं का?"

त्यांनी सुई धरली. दोरा पुढे नेला, पलीकडून ओढून घेतला. हातात काहीच नव्हतं. मी हळूहळू मोजत होतो. चाळीस फेऱ्यांना हसू आलं. मग पाटी:

"केलं."

सहा महिन्यांपेक्षा कमी काम असेल तर त्या माणसाला सीमांतिक काम करणारा म्हणतात. मी ते भरलं. कामाचं स्वरूप या रकान्यात 'चलचित्रात अभिनय' असं लिहिलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं.

"शिमांतिक म्हंजी?" त्यांनी विचारलं.

दहा वर्षांत मी थोडं शिकलो होतो. "म्हणजे काम करणारी," मी म्हणालो. शब्दाचा अर्थ अर्धवट सांगितल्याची माझ्या नोकरीतली ही एकच वेळ.

"ह्यो कागूद कुटं जातो?"

"पुढे मोजणीला. मग नावं गळतात. आकडा राहतो."

"माजा किती?"

"एक."

"येक बास," आत्या म्हणाल्या, आणि मांडीवरच्या निळ्या घराचं झाकण टक्कन बंद केलं. इतकी वर्षं कमरेजवळ फिरणारा हात त्यांनी त्याच्यावर ठेवून दिला. मी कागद आवरून निघेपर्यंत तो फिरला नाही.

पुढच्या वर्षी आत्या गेल्या. मी बदलून निमगाव सावाला आलो होतो, मागून कळलं. गावांप्रमाणे आकडे छापून यायला आणखी वेळ लागला. ते पुस्तक मी तालुक्याच्या कचेरीत उघडून बघितलं. आणे गावाच्या ओळीवर पट्टी ठेवली आणि शेवटच्या रकान्यांपर्यंत सरकवत नेली: सीमांतिक, इतर कामं करणाऱ्या, स्त्रिया. तिथे एक आकडा होता. तो एकाने कमी असता तर चुकीचा असता.